गाडी हायब्रिड, हाव मात्र तीच!



गेल्या महिन्यात आपल्यापैकी एकाच्या घरी हवामानबदलावर चर्चा झाली. छान रंगली. निघताना एका मित्राने ड्राइव्हवेमधली आपली नवी एसयूव्ही दाखवली. "बघ, हायब्रिड घेतली! आता तरी तुझं लेक्चर नको." मी विचारलं, "अ‍ॅव्हरेज किती देते?" तो म्हणाला, "ते बघायचंय अजून. पण पिकअप काय आहे म्हणून सांगू! साडेतीनशे हॉर्सपॉवर!"

मला बाबांची स्कूटर आठवली. टाकी भरली की ते किलोमीटरचा आकडा वहीत लिहून ठेवत. ती काटकसर गरजेपोटी होती, हे खरं. पण गरज संपल्याबरोबर आपण तो प्रश्न विचारणंही सोडून दिलं, हे मला खटकतं.

मी पोटापाण्यासाठी ज्वलनप्रक्रियेवर संशोधन करते, म्हणून थोडं आकड्यांत बोलते. सपाट रस्त्यावर ताशी ६० मैलांनी जाणाऱ्या मध्यम सेडानला हवेचा आणि टायरचा विरोध मोडायला १५ ते २० हॉर्सपॉवर पुरतात. वेग घ्यायला आणि चढ चढायला राखीव ताकद हवीच, पण साडेतीनशे? ही पडून राहिलेली ताकद फुकटही नसते. पेट्रोल इंजिनावर भार कमी असला की थ्रॉटल बराचसा मिटलेला असतो आणि त्या फटीतून हवा ओढण्यातच इंधन खर्ची पडतं. इंजिन जितकं गरजेपेक्षा मोठं, तितकी ही उधळपट्टी जास्त.

हायब्रिडची खरी करामत इथेच आहे. तिच्या इंजिनात बहुधा 'अ‍ॅटकिन्सन' पद्धत वापरतात. हवा आत घेणारा व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, त्यामुळे दाबण्याच्या मानाने जळलेल्या वायूला प्रसरणासाठी जास्त वाव मिळतो. इंजिनाची ताकद घटते, पण कार्यक्षमता वाढते. घटलेली ताकद लागेल तेव्हा इलेक्ट्रिक मोटर भरून काढते आणि ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत परत येते. थोडक्यात, हे लहान इंजिनावर भागवण्याचं तंत्र आहे. १९९९ मध्ये अमेरिकेत आलेल्या होंडा इनसाइटचं इंजिन अवघं १ लिटरचं, तीन सिलिंडरचं होतं.

आता त्याच तंत्राचं काय झालंय पाहा. टोयोटाची ग्रँड हायलँडर घ्या. चारही चाकांना शक्ती देणारी तिची साधी हायब्रिड २४५ हॉर्सपॉवरची आहे आणि गॅलनला ३४ मैल देते. 'हायब्रिड मॅक्स' ३६२ हॉर्सपॉवरची आहे आणि २७ मैल देते. वर्षाला १२,००० मैल चालवली तर फरक सुमारे ९० गॅलनचा, म्हणजे सुमारे ८०० किलो कार्बन डायऑक्साइडचा! पाटी मात्र दोन्हींवर 'हायब्रिड' हीच.

हा प्रकार नवा नाही. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचे आकडे सांगतात की १९८७ मध्ये नवी गाडी सरासरी ११८ हॉर्सपॉवरची होती आणि गॅलनला २२ मैल देत होती. २००४ मध्ये ती २११ हॉर्सपॉवरची झाली आणि १९.३ मैल देऊ लागली! अर्थशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर निटेल यांनी २०११ मध्ये हिशोब मांडला. वजन आणि ताकद १९८० इतकीच ठेवली असती, तर २००६ पर्यंत अ‍ॅव्हरेज जवळजवळ ६० टक्क्यांनी वाढलं असतं. प्रत्यक्षात वाढलं १५ टक्क्यांच्या आसपास. आम्ही प्रयोगशाळेत एकेका टक्क्यासाठी वर्षं घालवायची आणि तो टक्का शोरूममध्ये पिकअपवर उधळला जायचा!

पुढे नियम कडक झाले आणि २०२३ पर्यंत सरासरी २७ मैलांवर गेली. पण जुलै २०२५ च्या कायद्याने इंधनबचतीचं मानक मोडणाऱ्या कंपन्यांचा दंडच शून्यावर आणला. नियम कागदावर राहिला, त्याचा धाक गेला.

"आईबाबा येतात, सात सीट लागतात," असं कुणी म्हणेल. जरूर घ्या, पण त्यासाठी साडेतीनशे हॉर्सपॉवर कशाला? फ्रीवेवर शिरायला पिकअप हवा? २०२३ ची प्रियस १९४ हॉर्सपॉवर देऊनही गॅलनला ५७ मैलांपर्यंत जाते. मीही धुतल्या तांदळासारखी नाही. पहिल्या बोनसमधून मी हौसेने व्ही-६ सेडान घेतली होती. दहा वर्षांत तिची पूर्ण ताकद किती वेळा वापरली, ते बोटांवर मोजता येईल.

मंडळी, गंगेत डुबकी मारून पाप धुतलं जातं म्हणणाऱ्यांना आपण हसतो. मग गाडीच्या पाठीवरच्या पाटीने आपलं कसं धुतलं जाईल? विवेक दिवाणखान्यात ठेवून ड्राइव्हवेत जायचं, असं चालणार नाही. आपल्यातले बरेच जण इथले मतदार आहेत. दंड परत आणा, असं आपल्या काँग्रेस प्रतिनिधीला लिहायला कितीसा वेळ लागतो?

आणि पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने एकच आकडा आणावा: वर्षभरात आपल्या घरी किती गॅलन पेट्रोल जळलं? हॉर्सपॉवर नको, पाटी नको, फक्त गॅलन.

माझा आकडा मी सगळ्यांत आधी सांगेन.