आता रक्तातही आईचाच दोष?



आमच्या सोमवारच्या बैठकीला एक आई आली होती. मुलगा पाच वर्षांचा, स्वमग्न. हातात रिपोर्टांची जाडजूड फाइल, पण मुलाची नव्हे, स्वतःची. तिला थायरॉइडचा ऑटोइम्यून आजार आहे. म्हणजे रोगप्रतिकारशक्ती आपल्याच ग्रंथीवर उलटली आहे. आईच्या अशा आजाराचा मुलाच्या ऑटिझमशी संबंध असतो, असं नवऱ्याने मोबाइलवर वाचलं. तेव्हापासून सासरी एकच पालुपद : हिच्या रक्तातच खोट. तिने विचारलं, "ताई, खरं आहे का हो हे?"

हो किंवा नाही म्हणून भागत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

लिओ कॅनर यांचा ११ मुलांवरचा लेख अमेरिकेत १९४३ साली प्रसिद्ध झाला. त्यात आईबापांच्या कोरडेपणाचीही नोंद होती. पुढे त्यातला बाप गळाला आणि आई उरली. आईला माया नाही म्हणून मूल मिटलं, ही कल्पना ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ च्या पुस्तकातून घरोघरी पोचवली. बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने (ते स्वतः ऑटिस्टिक मुलाचे वडील) १९६४ मध्येच हे खोडून काढलं होतं. तरी कित्येक आयांनी हा डाग जन्मभर वागवला. आता मायेचा मुद्दा मागे पडलाय, तर रक्त सापडलंय!

संबंध मुळीच नाही, असं मात्र आपण म्हणू नये. न्यूयॉर्कच्या स्टेला चेस यांनी १९६४ च्या रुबेलाच्या साथीनंतर जन्मलेली २४३ मुलं तपासली. आईला गर्भारपणी रुबेला झालेल्या या मुलांत ऑटिझमचं प्रमाण कितीतरी जास्त होतं. डेन्मार्कमधल्या २००९ च्या अभ्यासात आईच्या संधिवाताशी आणि सीलिॲक या आतड्याच्या आजाराशी संबंध दिसला. पण 'शक्यता वाढते' म्हणजे काय, ते कोणी समजावून सांगत नाही. हे आजार असलेल्या बहुसंख्य बायकांची मुलं ऑटिस्टिक नसतात. डेन्मार्कच्याच ११ लाखांवर मुलांच्या २०२५ च्या अभ्यासात तर असं दिसलं, की आईच्या आजारांशी जोडलेले बहुतेक संबंध घराण्यातल्या आनुवंशिक गोष्टींमुळे आहेत. वडिलांच्या आजारांचेही तसेच धागे दिसले. घराणं म्हणजे दोघांचं. बापाच्या रिपोर्टांची फाइल मात्र आजवर कुणी आमच्यापुढे ठेवलेली नाही.

या अर्धवट माहितीची किंमत बाई मोजते. गर्भारपणी पॅरासिटामॉल घेऊ नका, सोसा, असा सल्ला सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनीच दिला. स्वीडनमध्ये सुमारे २५ लाख मुलांचा अभ्यास २०२४ साली आला होता. सख्ख्या भावंडांची तुलना केल्यावर या गोळीचा ऑटिझमशी संबंध उरला नव्हता. शिवाय अंगात मुरलेला ताप गर्भाला घातक ठरू शकतो, ते वेगळंच.

लशीचंही तेच. १९९८ साली १२ मुलांच्या आधारे गोवर-गालगुंड-रुबेला लशीवर संशय घेणारा लेख 'लॅन्सेट'ने २०१० मध्ये मागे घेतला आणि तो लिहिणाऱ्या डॉक्टरचा परवानाही गेला. ज्या रुबेलाचा ऑटिझमशी संबंध ठामपणे दिसला, त्यालाच ही लस अडवते. तरी तिची भीती अजून आयांच्या मनात आहे. त्या भीतीवर 'प्रतिकारशक्ती सुधारणाऱ्या' महागड्या उपचारांची दुकानं चालतात, आणि तिथे बांगड्या मोडल्या जातात त्या आईच्याच.

ऑटोइम्यून आजारांच्या रुग्णांत बायका खूप जास्त आहेत. त्यांच्या दुखण्याकडे केवळ मुलावरचं संकट म्हणून पाहणाऱ्या संशोधनाला आपण प्रश्न विचारायला हवेत. २०१६ च्या कायद्याने ऑटिझमला अपंगत्वात धरलं आहे. तर प्रमाणपत्र, थेरपी, शाळा तालुक्याच्या गावी का नाहीत, हेही.

आमच्या त्या मैत्रिणीशी बोलताना सगळ्यात शेवटी कळलं, की तीन महिने तिने थायरॉइडची गोळीच घेतलेली नाही. मुलाच्या थेरपीचे पैसे पुरत नाहीत म्हणून. घरात कुणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं. गोळ्यांची सोय आम्ही त्याच दिवशी केली. पुढच्या सोमवारी नवऱ्याला घेऊन ये, असं सांगितलंय.