शून्य आणि नल

प्रोग्रामिंग करणाऱ्यांना शून्य आणि नल यांतला फरक वेगळा सांगावा लागत नाही. (नल म्हणजे दमयंतीचा नव्हे, डेटाबेसमधला.) शून्य म्हणजे आपण बघितलं आणि काही नव्हतं. नल म्हणजे कुणी बघितलंच नाही. दोन्हींची गल्लत झाली की रिपोर्ट चुकतो आणि रविवारी रात्री फोन येतो. पोटापाण्यासाठी हे रोज करणाऱ्या मला हाच धडा चतुरांच्या नादात पुन्हा शिकावा लागला.

चतुर म्हणजे लहानपणी ज्याला आपण हेलिकॉप्टर म्हणायचो तो किडा. त्याची नाजूक चुलत बहीण म्हणजे टाचणी. बसल्यावर पंख पसरून ठेवतो तो चतुर, पाठीवर मिटून घेते ती टाचणी. अपवाद आहेत, पण सुरुवातीला एवढं पुरतं. दोघांचंही बालपण पाण्यात जातं, त्यामुळे पाणी बिघडलं की कुठले चतुर दिसतात तेही बदलतं.

आम्ही चार-पाच मित्र सुट्टीच्या दिवशी हे बघत हिंडतो. पहिली तीन वर्षं काय केलं? फोटो काढले. ताम्हिणी, आंबोली, पहाटे चारला गाडी, वाटेत मिसळ, आणि दुर्मिळ काहीतरी मिळालं की आठवडाभर कॉलर ताठ. घरामागच्या ओढ्याकडे मात्र 'तिथे काय, नेहमीचेच' म्हणून फारसं कुणी फिरकायचं नाही.

मग त्या ओढ्याला दोन्ही बाजूंनी सिमेंटच्या भिंती घालायचं ठरलं. बैठकीत आम्ही तावातावाने बोललो. समोरच्या साहेबांनी शांतपणे एकच प्रश्न विचारला, "आधी इथं काय काय होतं, काही लिहून ठेवलंय का?"

आमच्याकडे सतरा फोटो होते. त्यांतल्या नऊ फोटोंवर तारीख होती १ जानेवारी २०००, कारण बॅटरी बदलल्यावर कॅमेऱ्याचं घड्याळ लावायचं राहून गेलेलं. बाकी सगळं तोंडी. 'पूर्वी वरच्या अंगाला टाचण्या खूप असायच्या हो.' खूप म्हणजे किती? पूर्वी म्हणजे कधी? नल.

भिंती झाल्या. वही असती तर त्या थांबल्या असत्या असा माझा दावा नाही. पण आमचं म्हणणं निदान कागदावर तरी गेलं असतं.

यावर एक शेजारी म्हणाले, "अरे, आताही ढिगाने चतुर दिसतात की!" खरंच दिसतात. पण ते जवळजवळ सगळे 'डिच ज्युवेल' आहेत. याचं शास्त्रीय नावच ब्रॅकिथेमिस कंटॅमिनाटा! गटाराच्या पाण्याजवळही हा मजेत राहतो. उलट 'स्ट्रीम रुबी'सारखी टाचणी डोंगरातल्या वाहत्या ओढ्यांवर भेटते. म्हणजे नुसते 'चतुर आहेत' हे वाक्यही अर्धवटच. कोणते, किती, कुठे, कधी, हे चारही रकाने भरले तरच ती नोंद.

नेहमीच्या चतुराची साधी नोंद कुठवर जाऊ शकते याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे चार्ल्स अँडरसन. हा गृहस्थ मालदीवमध्ये राहणारा समुद्री जीवशास्त्रज्ञ. चतुर हा त्याचा विषयच नव्हे. पण दर ऑक्टोबरमध्ये मालेत अचानक चतुरांचे थवे येतात, आणि मालदीवमध्ये तर जमिनीवर गोडं पाणी जवळपास नाहीच, मग हे येतात कुठून? १९९६पासून तो दरवर्षी ते पहिल्यांदा दिसल्याची तारीख लिहीत गेला. २००९मध्ये त्याने मांडलं की हे चतुर भारताकडून येऊन पुढे हिंदी महासागर ओलांडत आफ्रिकेकडे जात असावेत. त्यांतला बहुतेक चतुर कोणता? 'वाँडरिंग ग्लायडर', पावसाळ्यानंतर आपल्या मैदानावर घिरट्या घालतो तोच. दुर्मिळ अजिबात नाही.

ब्रिटनमध्ये तर हे मोठ्या प्रमाणावर झालंय. तिथल्या हौशी लोकांच्या पन्नास वर्षांच्या चौदा लाख नोंदींवरून २०२१मध्ये अहवाल निघाला. चाळीस टक्क्यांहून जास्त जाती पसरल्यात आणि सुमारे अकरा टक्के आक्रसल्यात, हे त्यांना सांगता आलं. सगळं वाईटच चाललंय असं गृहीत धरलेल्यांनाही त्यात धक्का होता. नोंदींचा हाच फायदा, त्या आपल्या बाजूने बोलतीलच असं नाही.

आता कुणी म्हणेल, म्हणजे दुर्मिळ शोधायचंच नाही का? जरूर शोधा. सिंधुदुर्गातल्या चौकुळच्या नावाने २०२२मध्ये एका नव्या चतुराचं बारसं झालं, बर्मागॉम्फस चौकुळेन्सिस. हिंडणारे होते म्हणूनच तो सापडला. माझं म्हणणं इतकंच, की चार रविवारांपैकी एक रविवार घराजवळच्या कंटाळवाण्या पाण्याला द्या.

करायचं काय? एक जागा ठरवा. ऊन असताना सकाळी दहाच्या पुढे जा, तीच वाट, तेवढाच अर्धा तास. जात ओळखता आली तर नाव आणि आकडा, नाही आली तर वरून आणि बाजूने असे दोन फोटो. फोटो आयनॅचरलिस्टवर टाका, तिथे जाणकार मदत करतात. पण सोबत वहीही ठेवा, कारण न दिसलेल्या चतुराचा फोटो निघत नाही. गेल्या वेळी बारा होते आणि आज एकही नाही, हे फक्त वहीतच लिहिता येतं. आणि हो, कॅमेऱ्याचं घड्याळ लावा!

२०२१मध्ये आययूसीएनने जगातल्या सहा हजारांवर जातींचा आढावा घेतला, तेव्हा सोळा टक्के जाती धोक्यात निघाल्या. आपल्या ओढ्यावरची कोणती त्यात जमा होईल ते आज सांगता येत नाही. ते सांगायला आजचा आकडा लागतो.

गेल्या रविवारी मी भिंतींमधल्या त्या ओढ्यावर गेलो होतो. डिच ज्युवेल एकतीस. टाचण्या शून्य.

शून्य लिहिताना वाईट वाटलं, पण निदान नल नव्हतं.