तारखेविना ताटातूट

डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या भारतातील वकिलातींनी एच-१बी आणि एच-४ या व्हिसांच्या पुष्कळशा ठरलेल्या मुलाखती मार्च २०२६ वर आणि त्याच्याही पुढे ढकलल्या. अर्जदारांचे समाजमाध्यमांवरील लिखाण १५ डिसेंबरपासून तपासावयाचे आहे, असे कारण देण्यात आले. आपल्या दारातून कोणास आत घ्यावे याची छाननी करण्याचा परराष्ट्राचा अधिकार आम्ही नाकारीत नाही. परंतु एकजण तिकडे नोकरीवर आणि दुसरे इकडे शिक्क्यासाठी आलेले, अशी किती बिऱ्हाडे या हुकुमाने मधोमध दुभंगतील, याचा विचार त्या हुकुमात कोठे दिसला नाही.

ही गोष्ट वर्तमानपत्रांत गाजली म्हणून आपल्या नजरेस आली. हिच्याहून लांब आणि हिच्याहून मुकी अशी एक प्रतीक्षा वर्षानुवर्षे चालू आहे. पतिपत्नींपैकी एकाने परदेशी कायमच्या वास्तव्याचा हक्क मिळविल्यावर दुसऱ्यास नेण्यासाठी केलेल्या अर्जाची ही प्रतीक्षा होय. ती एके काळी दादर आणि सदाशिव पेठेपुरती होती. आता तशी राहिलेली नाही. मराठवाड्यातील मुले अभियंते झाली, पुण्यात नोकरीस लागली आणि तेथून समुद्रापार गेली. हिंगोली जिल्ह्यातील सिद्धेश्वरसारख्या गावच्या मुलीसही आज 'अमेरिकेचे स्थळ' सांगून येऊ शकते. मांडवात हे दोन शब्द पुरतात. पुढे त्यांचा अर्थ लावावयास वर्षे लागतात.

सिद्धेश्वरचे नाव आम्ही सहज घेतलेले नाही. पूर्णा नदीवर वर येलदरी आणि खाली सिद्धेश्वर अशी दोन धरणे आहेत. येलदरीचे पाणी वीजगृहातून खाली सुटते, सिद्धेश्वरास अडते आणि तेथून कालव्यांनी वसमत-परभणीच्या शिवारांत जाते. येलदरी भरली म्हणजे आपला ऊस भिजला, असे त्या भागातील कोणताही शेतकरी मानीत नाही. आवर्तन कधी सुटणार, हे तो विचारतो. आणि पाटबंधारे खाते, आठ दिवस मागेपुढे का होईना, तारीख सांगते. अमेरिकेच्या स्थलांतर खात्याने 'अर्ज मंजूर' असे पत्र धाडले म्हणजे अशीच वरची येलदरी भरलेली असते. त्यापुढे क्रमांक लागावयाचा, मग कागदपत्रांची दुसरी छाननी, आणि मग मुंबईच्या वकिलातीत मुलाखत. फरक इतकाच की, तेथे आवर्तनाची तारीख कोणी सांगत नाही.

'मुलगा अमेरिकेत आहे' या वाक्याखाली तीन अगदी निरनिराळ्या अवस्था झाकलेल्या असतात, आणि हे आपल्याकडील सुशिक्षित पालकांसही पुष्कळदा ठाऊक नसते. मुलगा तेथील नागरिक असेल तर त्याच्या पत्नीस संख्येची मर्यादा नाही. कचेरीच्या कामाला लागेल तेवढाच विलंब. तो एच-१बी वर नोकरी करीत असेल तर पत्नी एच-४ वर त्याच्याबरोबर जाऊ शकते, पण तिला कमाईची मुभा नसते. मे २०१५ पासून ती मिळू लागली, तीही नवऱ्याचा ग्रीन कार्डाचा अर्ज विशिष्ट टप्प्यापर्यंत मंजूर झाला असेल तरच. सर्वांत कठीण अवस्था तिसरी. ग्रीन कार्ड हाती आल्यानंतर ज्याने लग्न केले, त्याच्या पत्नीस रांगेत उभे राहावे लागते. या वर्गास सबंध जगासाठी, पतिपत्नी आणि अज्ञान मुले मिळून, दरसाल सुमारे ८८ हजार जागा आहेत. म्हणजे ज्याचा त्या देशातील पाय अधिक पक्का झाला त्याचीच बायको मागे राहते, आणि तात्पुरत्या नोकरीवर गेलेल्याची बरोबर जाते! कायद्याची ही उफराटी रीत ऐकून वधूपित्याने कपाळाला हात लावला तर त्यास दोष देता येणार नाही.

रांग आहे एवढीच तक्रार असती तर आम्ही हा विषय या जागी घेतला नसता. जुलै २०१९ पासून सुमारे पावणेचार वर्षे या वर्गाला रांग जवळजवळ नव्हतीच. मग एप्रिल २०२३ मध्ये तारीख एकाएकी सप्टेंबर २०२० वर मागे नेण्यात आली. २०२१ साली जिचा अर्ज पडला होता, ती मार्च २०२३ पर्यंत बॅग भरण्याच्या गोष्टी करीत असेल. एप्रिलात ती पुन्हा रांगेच्या शेपटाशी गेली. तिने काही चूक केली नव्हती, आणि तिच्या नवऱ्यानेही नाही. दर महिन्यास निघणाऱ्या त्या पत्रकात तारखा असतात खऱ्या, परंतु त्या पुढेही जातात आणि मागेही येतात. जी तारीख मागे येऊ शकते तीवर नोकरी सोडावी की धरावी, मूल होऊ द्यावे की थांबावे, सासूसासऱ्यांजवळ राहावे की माहेरी, यांपैकी काहीच ठरविता येत नाही. लग्न झाले आहे आणि संसार नाही, अशा मधल्या अवस्थेतील स्त्रीला आपल्याकडे घरात स्थान तरी कोणते? सासरी ती पाहुणी, माहेरी ती 'अजून इथेच?' या प्रश्नाची धनीण. नवरे थांबत नाहीत असे नव्हे. परंतु शेजाऱ्यांचे प्रश्न त्यांच्या वाट्यास क्वचितच येतात.

त्यात आणखी एक गाठ आहे. कायम वास्तव्याचा अर्ज पडलेला असला की दोन महिन्यांच्या भेटीचा व्हिसाही बहुधा नाकारला जातो; कारण ही बाई परत जाणार नाही, असे गृहीत धरण्यास तो अर्जच पुरावा ठरतो. आणि पुढे मुलाखतीत मात्र विवाह खरा असल्याचे दाखले मागितले जातात: एकत्र राहिल्याची कागदपत्रे, दोघांच्या नावचे बँकेचे खाते, निरनिराळ्या काळची छायाचित्रे. पंधरा दिवसांच्या रजेत लग्न, सत्यनारायण आणि देवदर्शन उरकून जो विमानात बसला, त्याच्यापाशी एकत्र राहिल्याचे कागद कोठून येणार? नियमांनीच ज्यांना एकत्र राहू दिले नाही, त्यांच्याकडे एकत्र राहिल्याचा पुरावा मागणे याला आम्ही तरी न्याय म्हणणार नाही.

खोटी लग्ने लागतात, हे आम्हांस मान्य आहे. अमेरिकेने १९८६ साली त्याविरुद्ध कायदा केला आणि नवविवाहितांचे वास्तव्य प्रथम दोन वर्षांपुरते सशर्त ठेवले. तो उपाय समजण्यासारखा आहे. परंतु संशयाला मर्यादा न घातली तर तो कोठवर जातो, हे ब्रिटनने दाखविलेले आहे. १९७९ साली लंडनच्या हीथ्रो विमानतळावर लग्नासाठी आलेल्या एका भारतीय स्त्रीची कौमार्यपरीक्षा करण्यात आल्याचे उघडकीस आले आणि त्या सरकारची जगभर नाचक्की झाली. पुढे तेथे संशयाची जागा पैशाने घेतली. पत्नीस वा पतीस आणावयाचे तर वार्षिक उत्पन्न किमान १८,६०० पौंड हवे, असा नियम २०१२ साली आला आणि एप्रिल २०२४ मध्ये तो आकडा २९,००० पौंडांवर नेण्यात आला.

या सगळ्याच्या मागे दृष्टी टाकली म्हणजे आनंदीबाई जोशी आठवतात. त्या १८८३ साली कलकत्त्याहून एकट्या अमेरिकेस गेल्या, आणि मार्च १८८६ मध्ये त्यांना वैद्यकाची पदवी मिळाली तेव्हा गोपाळराव तेथे हजर होते. त्यांना पैशाची आणि समाजाच्या रोषाची अडचण होती, व्हिसाची नव्हती. पुढे तो दरवाजा आपल्याला बंद झाला, १९४६ साली वर्षाला शंभर भारतीयांपुरता किलकिला झाला आणि १९६५ च्या कायद्याने उघडला. त्या कायद्याचा गाभाच कुटुंबे एकत्र आणणे हा होता.

अमेरिकेस यावरील उपाय परका नाही. डिसेंबर २००० मध्ये तेथील संसदेने 'व्ही' नावाचा एक व्हिसा निर्माण केला होता. ग्रीन कार्डधारकाच्या पत्नीचा वा पतीचा अर्ज तीन वर्षांहून अधिक काळ रेंगाळला असेल, तर उरलेली वाट त्यांनी नवऱ्याच्या वा बायकोच्या घरी राहूनच पाहावी, अशी त्यामागील कल्पना होती. मात्र २१ डिसेंबर २००० पर्यंत पडलेल्या अर्जांपुरतीच ती सवलत राहिली. कॅनडानेही डिसेंबर २०१६ मध्ये पतिपत्नींच्या अर्जांचा निकाल बारा महिन्यांत लावण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. उद्दिष्ट चुकले तर निदान ते किती चुकले हे मोजता तरी येते. आपले परराष्ट्र खाते अमेरिकेशी व्यापाराची आणि शस्त्रांची बोलणी करते, त्या बैठकीत 'व्ही' व्हिसाच्या धर्तीवरील सोय पुन्हा मागण्यास कोणाची हरकत असावी?

अर्थात ती मागणी करताना आपल्या दाराचीही थोडी पाहणी करावी लागेल. भारतीय नागरिकाशी विवाह केलेल्या परदेशी व्यक्तीस नोंदणीने नागरिकत्व हवे असेल तर येथे सात वर्षांचे वास्तव्य लागते. 'ओसीआय' कार्डासाठी विवाहास दोन वर्षे व्हावी लागतात. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम येथील हत्याकांडानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले. तो निर्णय कोणत्या संतापात घेतला गेला हे आम्ही जाणतो. तरीही भारतीय पासपोर्टाची आई अलीकडे आणि पाकिस्तानी पासपोर्टाची मुले पलीकडे, अशी अटारीची वृत्ते वाचून ज्याचे मन हलले नाही, त्याने दुसऱ्या देशाच्या कठोरपणाविषयी बोलू नये.

विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ च्या अहवालात अनिवासी भारतीयांच्या विवाहांसाठी सर्वंकष कायदा करावा आणि अशा विवाहांची नोंदणी सक्तीची करावी, अशी शिफारस केली आहे. परदेशी नवऱ्याने टाकून दिलेल्या मुलींच्या कहाण्या तिच्या मुळाशी आहेत. तो कायदा होईल तेव्हा होवो. आज खेड्यात ही नोंद ग्रामपंचायतीच्या दप्तरात होते, आणि त्या एका दाखल्यावर पुढील सारी इमारत उभी राहते. लग्नापूर्वी वडिलांचे नाव, लग्नानंतर नवऱ्याचे, शिवाय सासरी ठेवलेले नवे नाव, अशी आपल्याकडील एकाच मुलीची तीन-तीन नावे असतात. जन्मदाखल्यावर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, पासपोर्टावर तिसरे. मुंबईच्या खिडकीशी बसलेल्या अधिकाऱ्याला त्या तीन मुली वाटल्या तर अर्ज पुन्हा काही महिने बाजूस पडतो. तेव्हा स्थळ पाहताना मुलाच्या पगाराबरोबर त्याच्यापाशी नेमका कोणता कागद आहे हे वधूपित्याने संकोच न करता विचारावे, आणि सिद्धेश्वरच्या ग्रामपंचायतीतून दाखला हाती घेताना त्यावरील प्रत्येक अक्षर पासपोर्टाशी ताडून पाहावे. चूक तेथल्या तेथे दुरुस्त करून घ्यावी.