माळ्यावरचें निशाण

पंधरा ऑगस्टला आमच्या वाईच्या घरीं थोरल्या वहिनींच्या हस्तें गच्चीवर ध्वज चढला, मुलांनीं राष्ट्रगीत म्हटलें, आणि मग साऱ्या पंक्तीस जिलबी झाली. दोन दिवसांनीं नात माळ्यावरून एक विटलेलें, उसवलेलें निशाण घेऊन खालीं आली. "आजोबा, २०२२ सालचें आपलें निशाण अडगळींत कुणीं टाकलें?"

आम्हांस उत्तर देववेना. टाकणारे आम्हीच होतों!

२००२ च्या ध्वजसंहितेनें सामान्य नागरिकास वर्षभर ध्वज उभारण्याची मोकळीक दिली; २०२२ मध्यें घरावर तो रात्रींही ठेवण्याची मुभा मिळाली. परंतु फाटका वा मळका ध्वज उभारूं नये, तो एकांतांत, शक्यतों अग्नीच्या स्वाधीन करून, सन्मानानें संपूर्ण नष्ट करावा, हेंही तीच संहिता सांगते. आवाहन करणारानें विसर्जनही यथासांग करावें, हें जन्मभर शिकविणारे आम्ही येथें मात्र चुकलों.

त्याच सायंकाळीं परसांत, घरच्याच माणसांच्या देखत, तें निशाण नीट घडी करून अग्नीस अर्पण केलें. नात हात जोडून उभी होती. वाचकहो, आपलाही माळा एकवार पाहावा.