झेंडा अडीच हजार वर्षांचा नाही, हे बरंच आहे

बुद्धपौर्णिमा जवळ आली की मोबाइलवर तोच मजकूर फिरू लागतो. निळा म्हणजे करुणा, पिवळा म्हणजे मध्यम मार्ग, पांढरा म्हणजे शुद्धता. शेवटी ‘अडीच हजार वर्षांची परंपरा’. माझा आक्षेप या शेवटच्या ओळीला आहे.

बुद्धांच्या देहातून सहा रंगांचे किरण निघाले, ही कथा जुनी आहे. झेंडा मात्र १८८५ सालचा. आपण त्याला पंचशील ध्वज म्हणतो, पण पट्टे सहा आहेत. पाच रंगांचे पाच आणि सगळ्यांचा मिळून सहावा, कारण करणाऱ्यांच्या मनात शीलं नव्हती, किरण होते.

हे करणारे कोण? हिक्कडुवे सुमंगल थेर यांच्या अध्यक्षतेखालची कोलंबोतली एक समिती. १८८३च्या ईस्टरला कोटहेना भागात बौद्धांच्या मिरवणुकीवर हल्ला झाला होता. न्याय मिळेना, म्हणून १८८४ साली कर्नल ऑलकट गाऱ्हाणं घेऊन लंडनला गेले. बुद्धपौर्णिमेची सुट्टी मिळाली आणि २८ मे १८८५ रोजी त्याच कोटहेनातल्या विहारात झेंडा चढला. तो फार लांबट होता. ऑलकटच्या सूचनेवरून पुढच्या वर्षी त्याला नेहमीच्या झेंड्याचा आकार दिला गेला.

समिती, अर्ज, दुरुस्ती असं सांगितलं की पावित्र्य कमी होतं, असं काहींना वाटतं. प्रत्येक गोष्ट कारणांतून उपजते असं शिकवणाऱ्या धम्माच्या झेंड्यालाच कारणं नकोत? आम्ही सॉफ्टवेअरवाले बदलांचा इतिहास जपतो, कारण तो पुसला की कुठली ओळ कशासाठी लिहिली होती हेच कळेनासं होतं. इथेही तेच झालंय.

१९६३ साली दक्षिण व्हिएतनाममधल्या ह्युए शहरात सरकारने बुद्धजयंतीला हा झेंडा लावू दिला नाही. त्याआधी काही दिवस तिथेच व्हॅटिकनचे झेंडे फडकले होते. निषेध करणाऱ्यांपैकी काही जण मेले. ते रंगांच्या अर्थासाठी रस्त्यावर आले नव्हते. आमचा सण आम्ही उघडपणे का करायचा नाही, हा त्यांचा प्रश्न होता. कोटहेनातलाही तोच होता.

आज श्रीलंकेत हा झेंडा बहुसंख्याकांचा आहे. म्हणून तिथल्या मुसलमानाच्या, ख्रिश्चनाच्या मिरवणुकीला रस्ता मिळतो का, हे याच झेंड्याखाली उभं राहून विचारायला हवं. नुसता रंगांचा पाठ हा प्रश्न विचारू देत नाही. तो मजकूर पुढे पाठवण्याआधी त्यात १८८३ आणि १८८५ ही दोन सालं तरी घाला.