वेबसाइट करून देतोस का रे?

आपण सॉफ्टवेअरमध्ये आहोत हे एकदा नातेवाइकांना कळलं की दोन कामं कायमची गळ्यात पडतात. एक, प्रिंटर का चालत नाही ते बघणं. आणि दुसरं म्हणजे हा वरचा प्रश्न. मागच्या आठवड्यात तो चुलतभावाकडून आला. साहेबांनी दोन महिन्यांपूर्वी एसी-फ्रिज दुरुस्तीचं दुकान टाकलंय. सोबत एका एजन्सीचं कोटेशनही पाठवलं, "बघ रे जरा, बरोबर आहे का." बघितलं, आणि शनिवार सकाळची कॉफी गार झाली.

पाच पानं. होमपेजवर स्लायडर. चॅटबॉट. 'आमचं व्हिजन' आणि 'आमचं मिशन' (एसी दुरुस्तीचं मिशन काय असतं, गॅस भरणे?). शिवाय आकडे भराभर वाढत जाऊन '५००+ समाधानी ग्राहक' वर थांबणारं ते अ‍ॅनिमेशन. दुकान दोन महिन्यांचं आहे हो! आणि या सगळ्यात डोमेन कोणाच्या नावावर घेणार, याबद्दल एक अक्षर नाही.

तुम्ही म्हणाल, एजन्सीवाले तसलेच. पण मला त्यांना हसायचा अधिकार नाही, कारण हेच पाप मी फुकटात केलेलं आहे.

माझी मावशी कर्वेनगरात फराळ आणि पोळी-भाजीचा व्यवसाय करते. २०१४ साली मी तिला मोठ्या उत्साहात वेबसाइट करून दिली. स्लायडर होता. एकावर एक सरकणारे फोटो, प्रत्येक चारेक एमबीचा, कारण नवा डीएसएलआर घेतला होता आणि तो कुठेतरी वापरायचा होता. 'परंपरा आणि चव यांचा सुरेल संगम' असलं एक वाक्यही मीच लिहिलं होतं. मावशीने ते वाचून "छान आहे हो" म्हटलं आणि पुन्हा कधी ती साइट उघडली नाही.

मेनूची गंमत वेगळीच. तो छापखान्याकडून आला होता, श्रीलिपीत. कॉपी करून पेस्ट केला तर नुसती किडे-मुंग्यांची रांग. पुन्हा युनिकोडमध्ये टाइप करायला फार तर अर्धा तास लागला असता. मी काय केलं? पानाचा फोटो काढून चिकटवला. चित्रातला मजकूर सर्चमध्ये सापडेलच याचा भरवसा नाही, मोबाइलवर वाचताना बोटांनी ताणावा लागतो, आणि डोळ्यांनी अधू असलेल्या माणसाचा स्क्रीन रीडर त्यावरून मुकाट पुढे जातो. म्हणजे 'अनारसे' हा शब्द मावशीच्या साइटवर अक्षरांत कुठेच नव्हता. अनारसे विकणाऱ्या बाईच्या साइटवर!

एका दिवाळीआधी मी दोन दिवस तिच्याकडे होतो. फोन सारखा वाजत होता. अनारसे आहेत का? चकली भाजणीची की तांदळाची? साजूक तुपातलं काय काय? किलोला काय भाव? ऑर्डर कधीपर्यंत घेता? घरपोच देता का? अमेरिकेला पाठवायचं तर तुम्ही पॅक करून देता का? फिरून फिरून हेच सात प्रश्न. यातल्या एकाचंही उत्तर मी बनवलेल्या साइटवर नव्हतं. आणि मी त्याच साइटचा दुवा माझ्या बायोडेटात 'फ्रीलान्स प्रोजेक्ट' म्हणून टाकला होता.

तर माझं म्हणणं इतकंच आहे. छोट्या धंद्याच्या वेबसाइटवर काय असावं, हे डिझायनरला विचारू नका. फोनला विचारा. आठवडाभर गिऱ्हाईक फोनवर काय विचारतं ते वहीत लिहा. ती वही म्हणजेच वेबसाइट. भावाच्या बाबतीत ते असं होईल: कुठल्या भागात येतो, नुसतं बघायला येण्याचे किती, सर्व्हिसिंगचे किती, गॅस भरायचे किती, आज येणार की उद्या, रविवारी येतो का. आणि वरच, दाबला की थेट लागेल असा फोन नंबर. बस्स. बाकी सगळी मेंदी.

दर टाकायचे म्हटलं की प्रत्येक दुकानदार दचकतो. भावानेही तेच केलं, "अरे, शेजारचा बघेल ना!" अहो, शेजारच्याला तुमचा दर काढायला एक फोन पुरतो, आणि तो त्याने केव्हाच केलाय. दर लपतो तो फक्त गिऱ्हाइकापासून. रात्री अकराला सोफ्यावर पडून शोधणारं तुमच्या-माझ्यासारखं गिऱ्हाईक फोन करून विचारत बसत नाही, ज्याने लिहिलंय त्याच्याकडे जातं. नक्की आकडा सांगता येत नसेल तर 'इतक्यापासून' लिहा, पण काहीतरी लिहा.

आता दुसरा पंथ. "आजकाल वेबसाइट लागतेच कुठे? इन्स्टा आहे, व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस आहे, गूगल मॅपवर नाव टाकलं की झालं." यात तथ्य आहे, आणि मॅपवरचं नाव तर वेबसाइटच्याही आधी टाकावं, फुकट आहे. पण ती जागा भाड्याची आहे, आणि घरमालक तुम्हाला ओळखत नाही. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टा आणि व्हॉट्सअ‍ॅप तिन्ही एकदम सहा तासांच्या आसपास बंद पडले होते, आठवतं? नवरात्राच्या तोंडावर. ते निदान परत तरी आले. गूगलने बिझनेस प्रोफाइलवरून फुकटात बनवता येणाऱ्या वेबसाइट्स मार्च २०२४ मध्ये बंदच करून टाकल्या. ज्यांनी तो पत्ता कार्डावर छापला होता त्यांनी काय करायचं? ऑर्कुटच्या कम्युनिटीवर धंदा करणारेही ३० सप्टेंबर २०१४ नंतर असेच उघड्यावर आले असणार.

छापलेल्या पत्त्याबद्दल मी इतका हळवा का, ते सांगतो.

मावशीचं डोमेन मी घेतलं ते माझ्या तेव्हाच्या ऑफिसच्या ईमेलवरून. सोयीचं होतं, दिवसभर तोच उघडा असायचा. २०१९ मध्ये मी ती कंपनी सोडली. पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. नूतनीकरणाची स्मरणपत्रं इमानेइतबारे त्या मेलेल्या पत्त्यावर जात राहिली. आगाऊ भरलेली वर्षं जुलै २०२२ मध्ये संपली. डॉट कॉमची मुदत संपल्यावर लगेच काही होत नाही. साधारण अडीच महिने ते नाव लटकत राहतं, त्या काळात पैसे (शेवटी दंडासकट) भरून सोडवता येतं. मग ते खुल्या बाजारात येतं आणि अशा नावांवर टपून बसलेल्यांपैकी कोणीतरी उचलतं. सप्टेंबरअखेरीस मावशीचं नाव उचललं गेलं. त्यावर रमीची जाहिरात आली.

मावशीने त्याच महिन्यात फराळासाठी दोन हजार खोकी छापून आणली होती. (त्या वर्षी 'खोके' हा शब्द भलत्याच कारणाने गाजत होता, ही आपली पुठ्ठ्याची.) प्रत्येक खोक्यावर तो पत्ता, ठसठशीत लाल अक्षरात. एका जुन्या गिऱ्हाइकाने फोन केला, "ताई, तुम्ही जुगार कधीपासून सुरू केलात?"

मी नव्या मालकाला मेल केला. त्याने मागितलेली रक्कम इथे लिहीत नाही, लाज वाटते. शेवटी नवीन डोमेन घेतलं आणि कोऱ्या स्टिकरांची रिळं आणली. मावशी, तिच्या तीन मदतनीस बायका आणि मी, रात्री दोनपर्यंत खोक्यांवर स्टिकर लावत बसलो. ऐन ऑर्डरच्या दिवसांत. ती मला एका शब्दाने बोलली नाही. "तुला तरी काय माहीत रे," एवढंच म्हणाली. मला माहीत होतं, हाच तर मुद्दा आहे. ते माझं काम होतं.

म्हणून आपल्या जातभाईंना (म्हणजे इंजिनिअरांना) कळकळीची विनंती. नातेवाइकांच्या तीन पानांसाठी रिअ‍ॅक्ट शिकायचा मोह आवरा, साधं एचटीएमएल धावतं. दहा प्लगइनवालं वर्डप्रेस चढवून गायब होऊ नका, ती अपडेट कोण करणार? कुलूप लावा: लेट्स एन्क्रिप्टमुळे सर्टिफिकेट २०१५ पासून फुकट मिळतं, आणि २०१८ पासून क्रोम कुलूप नसलेल्या साइटला 'सुरक्षित नाही' म्हणून जाहीर करतो. फोटो आधी छोटे करा. खाण्याचा धंदा असेल तर एफएसएसएआयचा चौदा अंकी नंबर दिसू द्या; ऑनलाइन विक्री असेल तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार कोणाकडे करायची ते लिहावं लागतं. आणि डोमेन मालकाच्या नावावर, त्याच्या ईमेलवर, त्याच्या मोबाइलवर, त्याच्या कार्डावर. पासवर्ड त्याच्या कपाटात, दुकानाच्या कागदपत्रांच्या फायलीत, भाडेकराराच्या शेजारी. आपण उद्या कंपनी बदलतो, परवा देश बदलतो. दुकान तिथेच असतं.

भावाला फोन करून हे सगळं सांगितलं. डोमेन त्याने माझ्यासमोर स्वतःच्या कार्डावर घेतलं, खर्च हजाराच्या आत. मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, "ते सगळं ठीक आहे दादा, पण मग स्लायडर नाहीच का?"

मावशीची तीनेकशे खोकी अजून माळ्यावर पडून आहेत. दर दिवाळीला त्यातल्याच एकातून मला चकल्या येतात. त्यावर मात्र ती स्टिकर लावत नाही.