वैद्यवाक्य अपुरे असेल तर?

चिकित्सेचे चार पाद आपण सर्वजण विद्यार्थिदशेपासून मुखोद्गत करीत आलो आहोत. भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी हे ते चार पाद असून प्रत्येकाचे गुणही चारच. परीक्षेत ते लिहून आपण गुण मिळविले आणि पुढे व्यवसायात पडल्यावर पहिल्या दोन पादांकडे सारे लक्ष दिले. तिसरा पाद, म्हणजे आपला सहायक, परिचारिका, औषध बांधून देणारा, भट्टीवरचा कारागीर, यांच्याशी आपण कसे बोलतो आणि ते आपले बोलणे कसे समजून घेतात, हा विषय आपल्या परिषदांच्या विषयपत्रिकेवर आम्हांस तरी कधी दिसला नाही. आज त्याविषयी थोडे स्पष्ट लिहावयाचे आहे. प्रारंभ आमच्याच चुकीपासून करतो.

आमच्या चिकित्सालयात संधिवाताच्या एक वृद्ध रुग्णा नियमित येत असत. त्यांच्या वृक्काची कार्यक्षमता मंदावलेली असल्याने आम्ही त्यांना रसकल्प द्यावयाचे नाहीत असे ठरविले होते. एके दिवशी गर्दीच्या वेळी आम्ही आत जाता जाता सहायिकेस म्हणालो, "आजींना नेहमीचा योगराज द्या." सहायिका नवीन होती. ज्या चिकित्सालयात तिने आधी काम केले होते तेथे योगराज म्हटले की महायोगराज गुग्गुळच दिला जाई. तिने तोच बांधून दिला. महायोगराजात वंग, रौप्य, नाग, लोह, अभ्रक, मंडूर यांची भस्मे व रससिंदूर असतो, हे वाचकांस सांगणे नलगे. पुढील भेटीत आजींनी सहज म्हटले की या वेळच्या गोळ्यांचे पैसे जास्त पडले. तेव्हा प्रकार उघडकीस आला. औषध तत्काळ थांबविले, त्यांच्या मुलास सारे खरे सांगितले, रक्ततपासण्या करून घेतल्या. सुदैवाने काही बिघडले नव्हते.

आम्ही सहायिकेवर संतापलो, हे कबूल करावयास हवे. ती खाली मान घालून उभी राहिली. दोन दिवसांनी शांतपणे विचारल्यावर तिने जे सांगितले ते आम्हांस अधिक लागले. डबी उघडताना तिच्या मनात शंका आली होती. "पण सर, आदल्या आठवड्यात मी दोनदा विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, एवढंही कळत नाही का?" आम्ही असे म्हटल्याचे आम्हांस आठवतही नव्हते. तिला मात्र शब्दशः आठवत होते.

सुश्रुताचार्यांनी परिचारकाच्या गुणांत 'वैद्यवाक्यकृत्' हा गुण सांगितला आहे. वैद्य जे सांगेल ते करणारा. त्या अर्थाने आमची सहायिका आदर्शच म्हणावयास हवी, कारण तिने वाक्य तंतोतंत अमलात आणले. अपुरे होते ते वैद्यवाक्य. चरकाचार्यांच्या चतुष्पादात 'ज्ञापकत्व', म्हणजे आपले म्हणणे नीट कळविण्याचे सामर्थ्य, हा गुण रुग्णाकडे मागितलेला आहे. भिषकाच्या चार गुणांत तो स्वतंत्रपणे येत नाही. त्यावरून वैद्यास त्याची गरज नाही असा सोयीस्कर अर्थ आपण घेतला की काय, अशी शंका आम्हांस अलीकडे वारंवार येते.

येथे काही वाचक म्हणतील की यात नवीन ते काय? माणसे निरनिराळ्या प्रकृतींची असतात, हे आयुर्वेदाइतके अन्य कोणी जाणले आहे? खरे आहे. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात वातल मनुष्य ऐकलेले चटकन ग्रहण करतो पण त्याची स्मृती अल्प असते, आणि श्लेष्मल मनुष्याच्या हालचाली व बोलणे मंद असते व तो कोणत्याही गोष्टीस सावकाश आरंभ करतो, असे वर्णन आहे. सुश्रुताच्या शारीरस्थानात पित्तप्रकृती मनुष्य बुद्धिमान पण वाद घालून बोलणारा, तर कफप्रकृती मनुष्य उशिरा ग्रहण करणारा सांगितला आहे. विचार करण्याच्या आणि बोलण्याच्या पद्धतींतील भेदाची ही नोंद किती सूक्ष्म आहे! पाश्चात्त्य जगात कार्ल युंग यांचा मानसिक प्रकारांवरील ग्रंथ 1921 साली आला आणि पुढे कार्यालयांतून व्यक्तिमत्त्व-चाचण्यांची लाटच आली. आपल्याकडे हे ज्ञान हाताशी होते. परंतु आपण ते रुग्णाच्या पलंगापाशीच ठेवले. नाडी पाहणारा हात दाराबाहेर बसलेल्या सहायकाकडे वळला नाही, आणि स्वतःकडे तर मुळीच नाही. आमच्या स्वतःच्या प्रकृतीत पित्ताचा अंश किती आहे हे आमच्या घरच्यांस विचारावे!

तथापि प्रकृतीच्या या ज्ञानाचा दुसराही एक दुरुपयोग आम्ही पाहतो आणि तो आम्हांस अधिक घातक वाटतो. "तो कफाचा आहे, त्याच्या डोक्यात उशिरा शिरते." "ती वाताची, तिला सांगून उपयोग नाही." अशी वाक्ये आपल्या बैठकांतून विनोदाने बोलली जातात. काही व्यावसायिक मित्रांनी तर नोकरीस घेतानाच प्रकृतिपरीक्षण करून कामे वाटावी अशी सूचना केली आहे. आम्ही त्याशी सहमत नाही. एक तर शुद्ध एकदोषज मनुष्य क्वचितच भेटतो, आणि मानस प्रकृतीचे चरकोक्त सोळा प्रकार निराळेच. दुसरे असे की इंद्रियस्थानाच्या आरंभी प्रकृतीचा विचार करताना जाती, कुल, देश, काल, वय आणि प्रत्येकाचा स्वतःचा असा विशेष, या सर्वांचा निर्देश आहे. आमच्या सहायिकेचे मौन कफाचे नव्हते. खेड्यातून आलेली, घरात वडीलधाऱ्यांना उलट प्रश्न न विचारण्याच्या संस्कारात वाढलेली आणि महिनाअखेरच्या पगारावर घर चालविणारी ती मुलगी होती. तिच्या जागी पित्तप्रकृतीची कोणी असती तरी गप्पच बसली असती. मौन हे पुष्कळदा स्थानातून येते. त्यास स्वभाव म्हणून मोकळे होणे ही आपली सोय आहे.

औषधनिर्माते बंधूंस हा विषय केवळ चिकित्सालयाचा वाटू नये म्हणून आमच्या एका निर्मात्या मित्राने सांगितलेला प्रसंग देतो. त्यांच्याकडे अवलेहाच्या भट्टीवर तीस वर्षे काम केलेले एक कारागीर आहेत, त्यांना सारे मामा म्हणतात. गुणनियंत्रणास एक तरुण रसायनशास्त्र-पदवीधर आहे. ऐन श्रावणातल्या एका घाण्याच्या वेळी तरुणाने नमुना घेऊन विद्राव्य घनतेचा अंक पाहिला, तो मर्यादेत होता. मामा म्हणाले, "अजून जरा." तरुणाने विचारले, "मामा, जरा म्हणजे किती मिनिटे?" मामांना सांगता येईना. "बघू" म्हणून ते गप्प झाले. मिनिटांचा आकडा नाही म्हणून नोंदवहीत आक्षेप नाही, आणि आक्षेप नाही म्हणून पाक उतरविला गेला. काही आठवड्यांत बरण्यांच्या झाकणाखाली बुरशी दिसली आणि सारा घाणा परत घ्यावा लागला.

मागाहून उलगडा झाला तो असा. नमुना कढईच्या कडेचा घेतला होता, जेथे पाक अधिक आटलेला असतो. मामांनी मधल्या भागाचा तार पाहिला होता, तो तुटत होता. म्हणजे अंकही खोटा नव्हता आणि मामांचा डोळाही नव्हता. तंतुमत्ता, पाण्यात टाकल्यास बुडणे, दाबल्यास बोटाची मुद्रा उमटणे ही शास्त्रोक्त लक्षणे मामांच्या बोटांत होती, शब्दांत नव्हती. तरुणास शब्द आणि अंक यांखेरीज दुसरी भाषा ठाऊक नव्हती. 2000 साली अनुसूची 'टी' आल्यापासून प्रत्येक घाण्याची नोंद ठेवणे आपणांस बंधनकारक झाले, ते योग्यच झाले. परंतु नोंदवहीत जो रकाना नाही ते ज्ञानच नाही, अशी समजूत त्यासोबत कारखान्यांत शिरली. आमच्या मित्राने आता नोंदवहीत 'कारागिराचे मत' असा एक रकाना वाढविला आहे. मामा सांगतात, तरुण लिहितो, आणि दोघांचे एकमत झाल्याविना पाक उतरत नाही. प्रारंभी तरुणास यात कमीपणा वाटला. मामांना तर अधिकच संकोच वाटला, कारण आपले बोलणे कोणी लिहून घेते याची त्यांना सवय नव्हती.

लेखनातील भेदही असेच महाग पडू शकतात. जुन्या पिढीतील वैद्य भस्माची मात्रा गुंजेत लिहितात, नवे मिलिग्रॅममध्ये. आयुर्वेदिक फॉर्म्युलरी ऑफ इंडियाप्रमाणे 1 गुंज म्हणजे 125 मिलिग्रॅम. घाईने लिहिलेले '1 गुं.' हे '1 ग्रॅ.' असे वाचले गेले तर मात्रा आठपट होते. 'त्रि. गु.' आणि 'त्र. गु.' यांत त्रिफळा गुग्गुळ कोणता व त्रयोदशांग कोणता, हे अक्षर लावणाऱ्याच्या धैर्यावर सोपविलेले असते. 'रास्ना' असे लिहिल्यावर कोठे कोणती वनस्पती दिली जाते, हा तर निराळ्या लेखाचा विषय आहे.

आम्ही आमच्या चिकित्सालयात काय बदलले ते सांगतो. कल्पाचे नाव पूर्ण लिहितो, तोंडी सूचना देत नाही. रसकल्प वर्ज्य असल्यास रुग्णपत्रिकेच्या शिरोभागी लाल शाईने तसे लिहितो. "समजले ना?" हा प्रश्न आम्ही सोडून दिला, कारण त्याचे उत्तर नेहमी "हो सर" असेच येते. त्याऐवजी "काय देणार ते सांगा" असे विचारतो. जो सहायक बोलून विचार करतो त्यास बोलू देतो आणि ज्यास आधी मनात जुळवावे लागते त्यास सकाळीच पत्रिका पाहावयास देतो. यास वेळ लागतो. चाळीस रुग्ण बाहेर बसलेले असताना हा वेळ जिवावर येतो आणि काही दिवस आम्ही पूर्ववत होतो, हेही खरे. सहायक मंडळींच्या चेहऱ्यावरून ते आम्हांस कळते.

तद्विद्यसंभाषेचे संधाय व विगृह्य असे दोन प्रकार आपणांस ठाऊक आहेत. संधाय संभाषा ज्याच्याशी करावी तो न कोपणारा असावा, अशी अपेक्षा तेथे आहे. संभाषा तद्विद्यांशी, म्हणजे आपल्याच विद्येच्या जाणकारांशी असते, म्हणून सहायकांस ती लागू नाही असे कोणी म्हणेल. आमच्या मते कढईसमोर तीस वर्षे उभा असलेला मनुष्य त्या विद्येपुरता तद्विद्यच आहे, आणि तेथे न कोपण्याचा भार आपल्यावर येतो.

संघटनेच्या कार्यकारिणीस आमची एक सूचना आहे. वार्षिक अधिवेशनात एक सत्र सहायक, परिचारिका आणि कारागीर यांच्यासाठी ठेवावे. त्यात त्यांनी बोलावे आणि वैद्यांनी व मालकांनी श्रोत्यांत बसावे. प्रश्न आधी चिठ्ठीवर, नावाविना घ्यावेत, अन्यथा कोणी बोलणार नाही. व्याख्यात्याचे मानधन वाचेल, हा लाभ कोषाध्यक्षांच्या ध्यानी यावा.

आमची ती सहायिका आजही आमच्याकडेच आहे. गेल्या पंधरवड्यात तिने एक पत्रिका हातात धरून, रुग्णासमोरच, "सर, हे पुन्हा एकदा बघता का?" असे म्हटले. आम्ही अनुपानात मध लिहिला होता आणि रुग्ण मधुमेही होता. क्षणभर राग आला. मग मध खोडून कोमट पाणी लिहिले.